वाळूवर पाणी ओतणारा माणूस

संपादक महोदय,

पिरॅमिडचे श्रेय परग्रहवासीयांना देणे हा राबणाऱ्या हातांचा अपमान आहे. प्राचीन इजिप्तमधला प्रांताधिकारी जेहुतिहोतेप याच्या थडग्यातले चित्र (गिझाचा महापिरॅमिड बांधवून घेणाऱ्या खुफू राजानंतरचे असले तरी) नीट पाहावे : घसरगाडीवर प्रचंड पुतळा, दोर ओढणारी १७२ माणसे आणि गाडीपुढच्या वाळूवर पाणी ओतणारा एकजण. कोरडी वाळू गाडीपुढे साचत जाते. बेताची भिजवली की घट्ट बसते, ओढण्याचा जोर जवळपास निम्मा लागतो. पाणी जास्त झाले तर गाडी पुन्हा जड जाते.

खरा पेच उंचीचा. खुफूच्या पिरॅमिडच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे १४६ मीटरपर्यंत, सरळ रॅम्प घालायचा तर त्यालाच पिरॅमिडइतका भराव लागेल. इजिप्तमधल्या हातनुबच्या दगडखाणीत मात्र खुफूच्या काळातला तीव्र चढाचा रॅम्प सापडला आहे. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांसाठी खणलेले खड्डे. खांबाला दोर गुंडाळला की खाली उभ्या माणसांनाही जोर लावता येतो.

– एक वाचक, नाशिक