लॅटिन मिस्सेची ओढ

महोदय,

जुन्या लॅटिन मिस्सेकडे, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या जुन्या, लॅटिन भाषेतील रूपाकडे वळणाऱ्या कॅथलिकांना केवळ गतकाळात रमणारे म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. १९६२च्या मिस्साग्रंथानुसार होणाऱ्या या उपासनेत धर्मगुरू भाविकांसह वेदीकडे तोंड करून उभे असतात. मुख्य प्रार्थना ते इतक्या हळू आवाजात म्हणतात की चर्चमध्ये घंटेचा नाद तेवढा ऐकू येतो, आणि गुडघे टेकलेल्या माणसाला त्या शांततेत स्वतःची प्रार्थना सापडते. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला पॅरिसहून शार्त्रपर्यंत सुमारे १०० किलोमीटर पायी जाणाऱ्या हजारो यात्रेकरूंत तरुणांचा भरणा मोठा असतो. मिस्सा लोकभाषेत आणणाऱ्या १९६०च्या दशकातील सुधारणांपूर्वीची ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) त्यांनी पाहिलेलीच नाही. मग त्यांची ओढ आठवणींची कशी म्हणावी?

लोकभाषेतील मिस्सेने सामान्यांना वेदीजवळ आणले, हे मला मनापासून मान्य आहे. पण या सुधारणांना चालना देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनेही) १९६३मध्ये लॅटिनचा वापर जपावा असेच म्हटले होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७मध्ये मोकळी केलेली जुन्या मिस्सेची वाट पोप फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये पुन्हा अरुंद केली. ऐक्याविषयीची त्यांची चिंता खरी असली, तरी याबाबतचा निर्णय स्थानिक बिशपांवर सोपवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक