पोरीला पार्कात ने, पण असं ने

दारव्हा,
रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कापसाचा दुसरा वेचा उरकला की पोरीला नागपूरकडच्या पाळण्यांच्या आणि पाण्याच्या पार्कात न्यायचं म्हणतोस. वहिनी तयार आहेत, पण आई म्हणतात, मिरगीच्या लेकराला कोणी पाळण्यात बसवतं का? न्यावं की नाही, असं तू विचारलंस. ने. नऊ वर्षांची पोर, वर्गातली सगळी पोट्टी जाऊन येतात आणि ही ओट्यावर बसून त्यांच्या गोष्टी ऐकते, हे मला पटत नाही. फक्त तुमची भीती चुकीच्या जागी आहे. तुम्ही पाळण्याला भिता. फिट बहुतेक वेळा पाळण्याने येत नाही. ती येते आदल्या रात्रीच्या जागरणाने, चुकलेल्या गोळीने, उपाशी पोटाने, अंगातल्या तापाने. आणि आलीच, तर सगळ्यात घातक जागा उंच पाळणा नाही. कमरेएवढं पाणी आहे.

महिनाभर आधी, तारखेला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात फाईल घेऊन जाशील तेव्हाच डॉक्टरांशी बोलून घे. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. तेव्हा तिच्या आलेखात काही बदल दिसला होता का, हे आधी विचार. मिरगीच्या शंभर जणांत साधारण तिघांनाच प्रकाशाचा त्रास असतो, पण मुलांत आणि त्यातही मुलींत तो जास्त सापडतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश अशा मुलांना झेपत नाही. जपानात १९९७ च्या डिसेंबरात टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश झपाझप चमकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिला हा त्रास असेल, तर भूतबंगला, लुकलुकत्या दिव्यांचा शो आणि डीजेवरचा रेन डान्स सोडून दे. अचानक दिवे चमकू लागले तर तिने नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून प्रकाश आत जातोच. एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि तोंड फिरवायचं. हे तिला घरीच खेळासारखं शिकव. आलेख साफ असेल तर या गोष्टीची धास्ती घेऊ नको.

फिट थांबवायला नाकात मारायच्या मिडाझोलाम या औषधाच्या फवाऱ्याबद्दलही त्याच भेटीत बोल. तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही. इथे लोक एक चूक फार करतात. आपल्याकडे हा फवारा दोन ताकदींत येतो, एका दाबात ०.५ मिलिग्रॅम किंवा १.२५ मिलिग्रॅम. डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या लेकराला ४ मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ते ८ दाब होतात आणि दुसऱ्या बाटलीतून साधारण ३. "आठ फवारे" एवढंच लक्षात ठेवलं आणि दुकानदाराने दुसरी बाटली दिली, तर डोस अडीचपट होतो आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून तिचं आजचं वजन करून, तुझ्या हातातली बाटली डॉक्टरांना दाखवून, दाबांचा आकडा त्या बाटलीवरच चिकटपट्टीने लाव. डॉक्टर जो आकडा लिहितील तोच खरा, माझा हिशेब फक्त समजण्यापुरता. नवी बाटली आधी हवेत दाबून फवारा नीट सुटतो का बघायचं, नाहीतर पहिले काही दाब कोरडेच जातात. आणि ती उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही.

आता प्रवास. शाळेची सहल पहाटे तीनला निघते, पोरं रात्रभर जागी, सकाळी सहाला ढाब्यावर चहा-बिस्किट. तिच्यासाठी याहून वाईट सुरुवात नाही. तुम्ही आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघा, नागपुरात पाहुण्यांकडे मुक्काम करा आणि तिला रोजच्या वेळेला झोपवा. एवढं जमत नसेल तर बेत पुढे ढकल. जागरण हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे, त्याच्यापुढे बाकी काळजी फिकी पडते.

गाडी लागते म्हणून आपल्याकडे सर्रास अॅव्होमिन देतात. तिला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको, त्या गोळीतल्या औषधाने काहींना फिट लवकर येऊ शकते. पुढच्या बाकावर बसव, हलकी पोळी-भाजी दे, खिडकी उघडी ठेव. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा द्यायची का आणि किती वेळाच्या आत, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आण. तिथे ऐनवेळी फोन लागेलच असं नाही. प्रकाशाचा त्रास असेल तर रस्त्याकडेच्या झाडांमधून लपाछपी खेळणारं सकाळचं ऊनही त्रास देतं. उन्हाच्या बाजूला बसवू नको, नाहीतर पडदा ओढ.

सकाळची गोळी उत्साहात कोणी विसरत नाही. चुकते ती संध्याकाळची. सगळे थकलेले, कपडे ओले, गाडी पकडायची घाई, आणि औषधाची पिशवी सामानाच्या तळाशी. आठ आणि आठ ही वेळ असेल तर रात्रीच्या आठचा गजर दोघांच्याही मोबाईलवर लाव. तीन दिवसांचं जास्तीचं औषध घे, कारण तिचं औषध प्रत्येक गावच्या मेडिकल स्टोअरमध्ये असतंच असं नाही. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नको. मिरगीवरच्या औषधांपैकी कार्बामॅझेपीनची गोळी दमट जागी राहिली तर तिचा असर एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, व्हॅलप्रोएटही ओल धरतं, आणि वॉटर पार्कातली पिशवी म्हणजे ओलच ओल. सिरप असेल तर मापाची पिचकारी सोबत घे, चहाच्या चमच्याने अंदाज करू नको.

दिवस डिसेंबर-जानेवारीचाच धर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हा विषयच नको. तिला टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर आणखी जप, कारण त्या औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापत जातं. दर अर्ध्या तासाला ताक किंवा साखर-मिठाचं पाणी दे : १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नसतील तर फाटकावर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून शांतपणे बोल. औषध आणि फवारा लॉकरमध्ये ठेवू नको. किल्ली एकाकडे, माणूस दुसरीकडे, आणि पाच मिनिटं निघून जातात. पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून ते मोठ्या माणसाच्या गळ्यातच असू दे. त्यातच तिचं नाव, वजन, औषधं, तुझा नंबर लिहिलेला कागद ठेव.

पाळण्यांबद्दल माझं मत सरळ आहे. फलकावर अपस्मार, म्हणजे मिरगी, असलेल्यांनी बसू नये असं लिहिलं असेल तर बसवू नको आणि लपवूही नको. चालू पाळणा मध्येच थांबवता येत नाही, आणि चालवणाऱ्याला माहीतच नसेल तर तो काही करू शकत नाही. जिथे छातीवर पट्टा आणि मांडीवर दांडा घट्ट बसतो आणि मनाई नाही, तिथे डॉक्टरांची हरकत नसेल तर तिच्या शेजारी तू बस. बसल्या जागी फिट आली तर पट्टा सोडायचा नाही. डोकं हाताने सांभाळायचं, थांबल्यावरच उतरवायचं. खरं सांगू, गावच्या जत्रेतला आकाशपाळणा मला यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. उघडा पाळणा, समोर एक साखळी, आणि वर गेल्यावर हात सुटला की काहीच नाही. त्यात तिला बसवूच नको.

पाण्यापाशी मात्र माझा हट्ट आहे. पाण्यात फिट आली तर आवाज होत नाही. लेकरू ओरडत नाही, हात मारत नाही, नुसतं खाली जातं. लाटांच्या तळ्यात गर्दी असते, उन्हाची चकाकी असते, आणि लाइफगार्ड शंभर डोकी बघत असतो. म्हणून दोन मोठी माणसं हवीत. त्यातलं एक फक्त तिचं, हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर, मोबाईल बाहेर ठेवून. धाकटा तुझ्याकडे असेल तर ती वहिनींची. तिला भडक केशरी किंवा पिवळा कपडा घाल, निळा नको, निळा पाण्यात दिसत नाही. बंद नळीतली घसरगुंडी टाळ, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. आत गेल्या गेल्या लाइफगार्डला सांगून ठेव.

पाण्यात फिट आलीच तर झटके चालू असताना ओढाताण करू नको. मागून काखेत धर, मान किंचित मागे, तोंड पाण्याबाहेर. झटके थांबले की बाहेर काढ आणि श्वास बघ. श्वास नसेल तर लाइफगार्डला ओरडून बोलव, तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू व्हायला हवं. आणि पोर पाच मिनिटांत हसायला लागली तरी दवाखान्यात ने. फुप्फुसात पाणी गेलेलं बाहेरून कळत नाही.

जमिनीवर आली तर तुला माहीतच आहे, पण गर्दीत डोकं चालत नाही म्हणून लिहितो. आधी घड्याळ बघ. डोक्याखाली दुपट्टा दे, गळ्याचं बटण सोड, कुशीवर वळव. फरशी तापलेली असेल तर अंगाखाली चादर सरकव. कोणी कांदा फोडेल, कोणी चप्पल हुंगवेल, कोणी हातात किल्ली देईल, कोणी दातांत चमचा घालायला धावेल. त्यांना कामाला लाव : "दादा, पाठ करून गोल उभे राहा, पोरीवर सावली धरा." तोंडात काही घालायचं नाही, नावाला ओ देईपर्यंत पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर फवारा मार आणि १०८ लाव. आपसूक थांबली तर सुके कपडे चढव, झोपू दे. त्या दिवशी पुन्हा पाणी नाही, पाळणा नाही. थोडा वेळ नुसती शून्यात बघत राहिली तरी तीही फिटच, वेळ लिहून ठेव.

आई म्हणतात, बाहेर कुणाला सांगू नका, उद्या पोरीचं लग्न आहे. त्यांना सांग, लग्नाच्या कायद्यातूनही १९९९ सालीच मिरगीची अट काढून टाकली आहे. लाइफगार्डपासून लपवून आपण तिचा एक राखणदार कमी करतो.

आणि जायच्या आठवड्यात फिट आली, औषध नुकतंच बदललं, किंवा अंग कोमट लागलं, तर जाऊ नको. तिकिटाचे पैसे बुडू दे.

फवाऱ्याची बाटली घरात आहे का? असेल तर त्यावरची तारीख आणि ताकद आजच बघ आणि मला फोनवर वाचून दाखव. तिला नेमकी कोणती औषधं चालू आहेत तेही सांग. वहिनींना आणि आईंना नमस्कार, लेकरांना खूप खूप प्रेम.

तुझाच,
मित्र