‘गोड, प्रेमळ’ एवढ्याने कुत्र्याला घर मिळत नाही

महोदय,

शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातले भटके कुत्रे नसबंदी व लसीकरण करून निवारा केंद्रांत ठेवावेत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले. केंद्रात गेलेला कुत्रा तिथून बाहेर कसा पडणार, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. त्याच्यासाठी चांगली वाट एकच, दत्तक जाण्याची. तिची सुरुवात बहुतेक वेळा फोनवर वाचलेल्या कुत्र्याच्या आठ-दहा ओळींच्या परिचयाने होते. त्या ओळी अनेक ठिकाणी महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितात, कुणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांसाठी, कुणी हौसेने. काम सोपे समजून उरकले जाते आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो, म्हणून हे पत्र.

परिचय वाचून पन्नास फोन आले आणि कुत्रा पंधरा दिवसांत परत आला, तर तो परिचय फसला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. ज्याच्यावर जबाबदारी, त्याला आपण काय घरी नेतो आहोत हे आधी कळायलाच हवे.

सगळ्यात जास्त चुका लिहिण्याआधी होतात. ग्रुपवर आलेला फोटो पाहून घरबसल्या लिहिलेला परिचय रद्द समजावा. कुत्रा किमान तीन वेगळ्या वेळी पाहावा: खाण्याच्या वेळी, दुपारी सगळे शांत असताना आणि पट्टा लावून बाहेर नेल्यावर. जाळीमागे जीव तोडून भुंकणारा कुत्रा बाहेर आला की अनेकदा गप्प चालू लागतो. त्याचा राग माणसावर नसतो, मध्ये आलेल्या जाळीवर असतो. उलटही घडते. कोपऱ्यात पडून राहणाऱ्याला ‘शांत’ लिहिले जाते आणि तो खरे तर घाबरलेला किंवा गोचीडतापाने मलूल झालेला असतो. केंद्रात येऊन आठवडाही झाला नसेल, तर स्वभावाबद्दल ठाम काही लिहूच नये.

बाहेर नेल्यावर पहिली पाच मिनिटे सोडून द्यावीत, तेव्हा सगळेच ओढतात. त्यानंतर बघावे: स्कूटर गेली तर काय करतो, दुसरा कुत्रा दहा पावलांवर आला तर काय करतो, पायरी चढतो का, हाक मारल्यावर मान वळवतो का. जे दिसले ते तिथेच वहीत टिपावे, कारण संध्याकाळपर्यंत आठवणीत फक्त ‘छान होता’ एवढेच उरते. खाताना भांड्यात हात घालून परीक्षा घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो बंद झाला पाहिजे. चावा बसला तर विद्यार्थ्याला इजा होते आणि कुत्र्याच्या नावापुढे कायमचा शिक्का बसतो. खाण्याजवळ गुरगुरतो का, हे रोज वाढणाऱ्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते.

त्या कर्मचाऱ्याला विचारणे ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच राहून जाते. ‘कसा आहे हो हा?’ विचारले तर ‘चांगला आहे’ हेच उत्तर येणार. नेमके विचारावे. लस देताना तोंडाला जाळी लागते का? आंघोळीला धरायला किती माणसे लागतात? शेजारच्या पिंजऱ्यातला कोण बदलला तेव्हा भांडण झाले? शी-शू साठी बाहेर नेईपर्यंत थांबतो का? दिवाळीत फटाक्यांच्या वेळी कुठे लपला होता? या उत्तरांतूनच अर्धा परिचय तयार होतो.

लिहिताना विशेषणे टाळून क्रियापदे वापरावीत. ‘मोती खेळकर आहे’ यातून काहीच कळत नाही. ‘चेंडू टाकला की आणतो, पण हातात देत नाही, दुसरा चेंडू दाखवला की पहिला सोडतो’ हे वाचल्यावर मोती डोळ्यांसमोर उभा राहतो आणि त्याच्याशी कसे खेळायचे तेही समजते. अडचण सांगायची पद्धत हीच. ‘थोडा लाजाळू’ ऐवजी ‘नव्या माणसाने वाकून हात पुढे केला तर मागे सरतो, तिरके बसून राहिले तर दहा-पंधरा मिनिटांत स्वतः जवळ येतो’. तीन पायांच्या कुत्र्याबद्दल ‘बिचारा’ लिहू नये. जिना उतरतो, गुळगुळीत फरशीवर घसरतो, सतरंजी टाकावी लागेल, हे लिहावे.

जे पाहिलेले नाही ते पाहिल्यासारखे लिहू नये. केंद्रात लहान मुले नसतात, तरी ‘मुलांमध्ये रमतो’ हे वाक्य सर्रास दिसते. तिथे ‘लहान मुलांसोबत अजून पाहिलेला नाही’ हेच लिहावे. मांजराचे तसेच. पूर्वायुष्याचे तर विचारूच नका: झाडू पाहून दबला की ‘मालकाने मारलेला’ अशी कथा रचली जाते. त्याने झाडू आधी कधी पाहिलाच नसेल, हेही शक्य असते. करुण कथा वाचून लोक येतात, डोळे पुसतात, आणि पहिल्या महिन्यात कुत्र्याने चप्पल फाडली की त्या कथेचा उपयोग संपतो. चावल्याची नोंद असेल तर ती लपवायची नाही. केव्हा, कुणाला, कशामुळे, हे केंद्राचे डॉक्टर किंवा प्रमुख ठरवतील त्या शब्दांत द्यायचे. ते शब्द विद्यार्थ्याने ठरवू नयेत.

जात लिहिण्याचा मोह फार असतो. कान पडलेले दिसले की ‘लॅब क्रॉस’, म्हणजे लॅब्राडोरची मिश्र जात. नुसत्या दिसण्यावरून काढलेली मिश्र जात वारंवार चुकते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका केंद्राने माहितीपत्रकावरून जातीचा उल्लेख काढून टाकल्यावर पिटबुलसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांना घरे मिळण्याचे प्रमाण वाढले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे ‘गावठी’ हा शब्द नि:संकोच लिहावा आणि त्यापुढे वजन, उंची, केसांची लांबी द्यावी. वयाचेही तसेच. दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तोवर अंदाज बरा जमतो. पुढे दातांवरच्या किटणावरून सांगितलेले वय ‘अंदाजे’ म्हणूनच लिहावे.

आरोग्याच्या ओळीत ‘सर्व लसी झाल्या’ चालणार नाही, तारखा हव्यात. पिल्लांना पार्व्हो, डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांच्या वयात, मग वर्षाने. कितवा डोस झाला आणि पुढचा कधी, हे कळले नाही तर नवे घर तो चुकवते. जंताचे औषध आणि गोचिडांवरचा उपायही तारखेसह द्यावा. मादीच्या बाबतीत एक वाक्य जरूर घालावे: नसबंदी झाल्यामुळे ती माजावर येणार नाही आणि पिल्ले होणार नाहीत. केवळ या भीतीने कित्येक घरे मादी नाकारतात. ‘कुत्री’ शब्द शिवीसारखा वाटतो म्हणून ‘फिमेल डॉग’ लिहिण्याचीही गरज नाही, ‘मादी’ हा साधा आणि सभ्य शब्द आहे.

भाषेविषयी आग्रहाने सांगायचे आहे. परिचय बहुधा इंग्रजीत निघतात. दिवसभर कुत्र्याजवळ घरी असणार त्या आजी, शेतघरावर राहणारे कुटुंब, वाड्यातले बिऱ्हाड यांना मराठीत वाचायला मिळाले तर निर्णय घरातल्या सगळ्यांचा होतो. ‘मी मोती, मला आई-बाबा हवेत’ असे कुत्र्याच्या तोंडून लिहिणे लोकांना आवडते, पण त्या आवाजात लसीची तारीख आणि खोड सांगता येत नाही, आणि मग दोन्ही गळतात.

फोटो तीन पुरेत: कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून चेहरा, उभा असताना पूर्ण अंग, आणि माणसाशेजारी, म्हणजे आकार कळतो. काळ्या कुत्र्याचा फोटो भर उन्हात काढला तर नुसता डाग दिसतो. त्याला सावलीत, फिकट भिंतीसमोर बसवावे, फ्लॅश बंद ठेवून फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे म्हणजे उजेड नीट बसतो.

एकूण मजकूर १२० ते १५० शब्दांचा असावा आणि नावाजवळ कुत्र्याच्या ओळखीच्या टॅगचा क्रमांक असावा. एका केंद्रात तीन काळू आणि दोन ब्राउनी असणे नवलाचे नाही. संपर्क केंद्राचाच द्यावा. विद्यार्थ्याचा नंबर परीक्षा लागली की बंद लागतो. दर पंधरा दिवसांनी मजकूर तपासावा. दोन महिन्यांच्या पिल्लाचा फोटो पाहून आलेल्या कुटुंबापुढे सहा महिन्यांचा, कान उभे झालेला कुत्रा आला की ते नाराज होऊन परततात. कुत्रा गेला की परिचय त्याच दिवशी काढावा.

महाविद्यालयांना विनंती: एका विद्यार्थ्याला एका दिवसात वीस कुत्रे देण्याऐवजी महिनाभर दोनच द्या, आणि पहिल्या भेटीआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यायला लावा. ओरखडा जरी उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, हे प्रत्येकाला पाठ हवे.

वृत्तपत्रांना विनंती एवढीच, की दत्तकाचे आवाहन छापताना जागा कमी पडली तर विशेषणे कापा. टॅग क्रमांक, वजन, रेबीजच्या लसीची तारीख आणि कसे घर हवे ही ओळ, एवढे मात्र राहू द्या.

– निवारा केंद्रातील विद्यार्थी स्वयंसेवक, पुणे