काकाजी, त्या वहीच्या पानासाठी थँक्यू

काकाजी, फोनवर तुम्ही थँक्यू म्हणूच देत नाही, "राहू दे ना बाप्पा" म्हणून पऱ्हाटीचा विषय काढता, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहून टाकतो.

हवेतले रेडिओ संदेश ऐकायचा स्कॅनर घेतला तेव्हा नागपूरच्या एका दुकानदारानं वरून वेगळे पैसे घेऊन "फुल लोड" करून दिला होता. १० बँका (म्हणजे चॅनेलचे कप्पे), ५०० चॅनेल, सगळे भरलेले. आणि त्यात काय तर १५६.८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे समुद्रातल्या जहाजांचं चॅनेल १६, इकडं वणी तालुक्यात! अमेरिकेच्या हवामानाचे १६२ वाले सातही होते. विमानांचा ११८ ते १३७ चा पट्टा एफएमवर टाकलेला, तिथं एएम लागते एवढं तरी माहीत पाहिजे ना. फोन केला तर म्हणे पोलिसांचे पण टाकून देऊ का. ग्रुपवर विचारलं तर एकानं याहून मोठी फाइल पाठवली, झालं.

तुम्ही मात्र स्कॅनरला हातच लावला नाही. आधी विचारलं, "तुले ऐकायचं काय हाये?" हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं १४४ ते १४६, विमानं आणि स्पेस स्टेशन, बस. मग तुम्ही नातीच्या वहीचं मधलं पान काढलं, पट्टीनं रकाने आखले, नंबर, नाव, आणि शेवटचा रकाना "कायले ठेवला". ज्याच्यापुढं तिथं काही लिहिता आलं नाही तो चॅनेल गेला. स्पेस स्टेशनवरच्या रिपीटरची (आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणाऱ्या यंत्राची) बँकच वेगळी, स्टेशनच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकत जाते म्हणून ४३७.८१० पुढं "येताना", ४३७.८०० पुढं "डोक्यावर", ४३७.७९० पुढं "जाताना", मधले दोन पण आहेत. विमानांपुढं लिहिलंय, "पायलट ऐकू येईन, टॉवर नाही, वाट पाहू नको." बरोबरच आहे, विमान एवढं उंच, टॉवर तिकडं नागपुरात जमिनीवर, कुठून येणार.

पोलिसांचं मी काढलंही नव्हतं, तरी तुम्हीच बोलले, "रेडिओचं लायसन्स हाये म्हणून कोनाच्याबी घराले कान लावाचा नसते." पैसे घेणाऱ्याला हे सुचलं नाही, चहा पण आपलाच पाजणाऱ्याला सुचलं.

सातवी बँक तुम्ही रिकामी सोडली ती अजून रिकामीच आहे. थंडीत हुरड्याला या, काकूंना पण आणा. अँटेना छपरावर चढवायचा आहे, ते काम माझ्या एकट्याच्यानं होत नाही.