वाण राखायला शिकवणाऱ्या आजींना

अकोले तालुक्यातल्या आजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र नातसून तुम्हाला वाचून दाखवेलच. पण गावरान भाजी पिकवून स्वतः विकू पाहणाऱ्या बाकीच्यांनीही ते वाचावं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

पुण्याच्या आठवडे बाजारात आता गिऱ्हाइकं माझी काटेरी वांगी, वालाच्या शेंगा आणि बुटका दुधी नाव घेऊन मागतात. हे सगळं वाण तुमचं. 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, शहरात थेट विकायची सोय वाढली. पण तिथं काय घेऊन बसायचं, ते तुमच्यामुळे कळलं. गावरान वांगं एकसारखं नसतं, लांबच्या प्रवासात दबतं, म्हणून व्यापारी त्याला भाव देत नाही. तेच तोडल्या दिवशी पिशवीत पडलं, की भरल्या वांग्याची चव कळणारी माणसं पुढच्या आठवड्यात शोधत येतात.

बी तर तुम्ही दिलंतच, पण ते राखायलाही शिकवलंत. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची झाडं नाना तऱ्हेची निघतात. गावरान वाणाचं तसं नाही, मात्र निगा लागते. बियाण्याचं फळ सगळ्यात निरोगी झाडावरचंच धरायचं, हा तुमचा कडक नियम. भाव चढलेला असताना ते वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवणं फार जिवावर येतं, आजी! मग गर पाण्यात चोळायचा, तरंगणारं बी टाकायचं, तळाला बसलेलं सावलीत वाळवून राखेत घोळवायचं.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. शेजारच्या शेतात दुसरा दुधी असला, तर किडे पराग इकडचे तिकडे नेतात आणि वाण बिघडतं. तुम्ही दुपारीच एक मादी कळी, मागे बोटाएवढा लवदार दुधी असलेली, दोऱ्याने अलगद बांधलीत. नर कळीही बांधलीत. दिवेलागणीला दोन्ही सोडल्या, नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून ते मादीवर फिरवलंत आणि तिला पुन्हा बांधून देठाला लाल चिंधी लावलीत. ‘पाहुणा आला तरी याला हात लावायचा नाही.’ आमच्या घरात मुलंसुद्धा चिंधीचा दुधी तोडत नाहीत.

वालाचा वेल श्रावणात नुसता पाल्याने माजला तेव्हा तुम्हीच धीर दिलात, की दिवस लहान झाल्याशिवाय हा वाल फुलायचा नाही. तसंच झालं.

तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्यासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा हक्क दिला आहे. पण तो हक्क वापरायला लागणारी विद्या मला तुमच्या ओसरीवर मिळाली, आणि तुम्ही तिचा एक पैसा घेतला नाहीत. नेलं त्याच्या दुप्पट बी परत करायचं, एवढीच अट घातलीत.

ते बी निवडून ठेवलं आहे. वालाची तोडणी आटोपली की घेऊन येते. येताना गावातल्या दोघी सुना बरोबर आणू का? त्यांना कारल्याचं बी हवं आहे, आणि ते धरायचं कसं तेही तुमच्याकडूनच शिकायचं आहे.

तुमची,
जुन्नरची लेक