शिबिरं झाली, आता लॉ कॉलेजच्या क्लिनिकला कोर्टात उभं राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका लॉ कॉलेजच्या कायदेविषयक शिबिराची बातमी वाचली. मुलांनी मेहनत घेतली असणार, त्याबद्दल वाद नाही. पण शिबिरात ऐकून एखादी बाई दुसऱ्या दिवशी खरंच कॉलेजच्या दारात आली की पुढं काय होतं ते कुठंच छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

मी जिल्ह्याच्या गावी लॉ कॉलेजात शिकवते आणि तिथलं लीगल एड क्लिनिक, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं केंद्र, बघते. आमच्याकडे घरच्या मारहाणीला कंटाळलेल्या बायका येतात, त्यांचे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज, म्हणजे डीव्हीचे अर्ज, आम्ही तयार करून देतो. तयार करून देतो एवढंच, चालवू शकत नाही. बार कौन्सिल, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणारी संस्था, तिचे २००८ चे नियम सांगतात की प्रत्येक लॉ कॉलेजनं लीगल एड क्लिनिक चालवलंच पाहिजे आणि त्याच बार कौन्सिलचा दुसरा नियम सांगतो की पूर्णवेळ पगारी माणसानं वकिली करायची नाही, म्हणजे क्लिनिकची जबाबदारी माझी पण वकीलपत्रावर माझी सही चालत नाही, आणि विद्यार्थ्यांकडे तर अजून वकिलीची सनदच नसते.

आता ही मुलं काय काम करतात ते सांगते. बाई येते, बसते, आणि पहिल्यांदा म्हणते, "तसं रोज मारत नाहीत हो मॅडम." मुलांना आम्ही शिकवलंय की तिथं पेन खाली ठेवायचं आणि ऐकायचं, मग तासाभरानं कळतं की एटीएम कार्ड सासूकडे आहे, दागिने लग्नानंतर लगेच काढून घेतलेत, माहेरी फोन करायचा तर नवऱ्यासमोर. हे सगळं कायद्याच्या कलम ३ मध्ये हिंसाच आहे, पण तिला वाटत असतं की वळ दाखवता आला तरच केस होते. तारखा तिला आठवत नाहीत, कशा आठवणार, पण "गौरी जेवल्या त्या रात्री" किंवा "धाकट्याचं जावळ काढलं त्याच्या आदल्या दिवशी" हे पक्कं डोक्यात असतं. मग मुलं जुनी कालनिर्णय शोधून तारीख काढतात, सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरशी जुळवून बघतात आणि तसा अर्ज लिहितात. विद्यापीठाच्या परीक्षेत पक्षकाराची मुलाखत आणि पूर्वतयारीला ३० मार्क असतात, पण कित्येक ठिकाणी त्याचं जर्नल सीनियरचं बघून उतरवलं जातं, तर इथं पोरं खरोखर शिकतात.

आणि मग कोर्टाची तारीख येते. विधी सेवेच्या पॅनेलवरचे मोफत वकील मिळतात, त्यातले बरेच मनापासून काम करतात, पण एका दिवशी इतकी प्रकरणं असतात की फाईल पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात उघडली जाते. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलं. नवरा त्यात "मजुरी" लिहितो, आणि मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या पोरीला माहीत असतं की त्याचा जेसीबी भाड्यानं फिरतो, कागद तिनंच गोळा केलेत, पण उठून बोलायचा तिला अधिकार नाही. वकील साहेबांच्या कानात सांगेपर्यंत समोरच्यानं से, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितलेली असते आणि पुढची तारीख पडलेली असते. कायदा म्हणतो पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करा, प्रत्यक्षात बाई तेवढ्या काळात कधी बहिणीकडे कधी मावशीकडे लेकरं घेऊन फिरत असते. माझा सगळ्यात जीव तुटतो तो इथं.

वाट नाही असं नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ नुसार कोर्ट एखाद्या प्रकरणापुरती सनद नसलेल्या माणसालाही बाजू मांडायची परवानगी देऊ शकतं. पण प्रत्येक वेळी मेहेरबान कोर्टाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा हायकोर्ट आणि बार कौन्सिलनं मिळून सरळ नियम करावा, की बाईची लेखी संमती असेल तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, क्लिनिकच्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, निदान डीव्हीच्या अंतरिम अर्जावर, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जावर, बोलता येईल आणि त्या प्राध्यापकाला तेवढ्यापुरतं वकीलपत्र दाखल करता येईल. अमेरिकेत लॉ स्कूलची क्लिनिकं अशाच नियमांखाली अशा बायकांच्या केसेस चालवतात.

काही वकील मित्र म्हणतात, शिकाऊ पोरांच्या हातात बाईचं आयुष्य कसं द्यायचं. प्रश्न बरोबर आहे आणि म्हणूनच जबाबदारी प्राध्यापकावर टाका म्हणते, परीक्षा आल्या किंवा मे महिन्याची सुट्टी लागली म्हणून केस वाऱ्यावर सोडता येणार नाही अशी अट घाला, एका बॅचनं दुसऱ्या बॅचला फाईल समजावून द्यायची हे बंधनकारक करा, आणि हे काम प्राध्यापकाच्या वर्कलोडमध्ये धरा, नाहीतर आज ते लेक्चर संपल्यावर उरलेल्या वेळात करावं लागतं. फी देणारा पक्षकार आम्ही कुणाचाच ओढत नाही.

अजून एक विनंती. बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे, तरी आमच्याकडे येणाऱ्या बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालून आलेल्या असतात. शिबिराच्या बातमीखाली पुढच्या वेळी एवढं एक वाक्य आणि १५१०० हा विधी सेवेचा व १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर जरूर छापा.

आपली,
लॉ कॉलेजमधली एक प्राध्यापिका
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, क्लिनिकमध्ये येणाऱ्या बायकांची ओळख उघड होऊ नये म्हणून छापू नये.)