ब्रेक नसलेली गाडी

मँचेस्टर
६ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडीला ब्रेकच नाही म्हणतेस, मग वळणावर आवरतात कशी?" फोनवर सांगून ते नीट कळलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. उद्यमनगरात रोज इंजिनं उघडणाऱ्या माणसाला पटायला वेळ लागणार नाही. पोरांनाही वाचायला दे, त्यांचे प्रश्न तुझ्यापेक्षा जास्त होते.

स्पीडवेत, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या या मोटारसायकल शर्यतीत, गाडी आवरतात ती मागचं चाक आडवं सरकवून. गाडी तिरकी झाली की टायर माती खरवडत जातो आणि त्या खरवडण्यात वेग मरतो. खरी गंमत पुढे आहे. चाक तसंच सरकत ठेवायचं तर रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, पिळलेली ठेवावी लागते. हँडल उजवीकडे, गाडी वळतेय डावीकडे, आणि मूठ उघडी, म्हणजे रेस दिलेली. घाबरून मूठ सोडली की टायर एकदम पकड घेतो, गाडी उसळून सरळ होते आणि रायडर बाहेरच्या कुंपणाकडे फेकला जातो. शिकाऊ पोरांचे पहिले अपघात बहुतेक असेच होतात. रेस सोडली की गाडी आवरते, हे आपल्या हाताला रस्त्यावर शिकवलेलं असतं. ते विसरायलाच त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता गाडी. एक सिलिंडर, ५०० सीसी, फोर-स्ट्रोक. गिअरबॉक्स नाही, मागे शॉकअप नाही, पुढे जेमतेम हलणारा फोर्क. नियमाने किमान वजन ७७ किलो, म्हणजे आपल्याकडच्या साध्या शंभर सीसी गाडीपेक्षाही कमी. पुढचं चाक २३ इंची आणि सडपातळ, मागचं १९ इंची. डाव्या हाताला क्लच, उजव्या हाताला रेस, आणखी काही नाही. उजव्या गुडघ्यासाठी फ्रेमला एक आकडा असतो, त्यात पाय अडकवून रायडर गाडी धरून ठेवतो. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. रायडर पडला की ती ओढली जाऊन इग्निशन बंद होतं, नाहीतर सुटलेली गाडी पूर्ण रेसवर ट्रॅकभर नाचली असती.

बाबांच्या जावा मोटारसायकलशी हिचं नातं आहे, ते मुद्दाम सांगते. बाबांची म्हैसूरला बनलेली, टू-स्ट्रोक. त्याच नावाचं स्पीडवेचं इंजिन चेक देशातल्या दिविशोव गावचं, फोर-स्ट्रोक. तिथला कारखाना मुळात एसो नावाचा, १९६४ मध्ये तो जावात विलीन झाला. त्याआधी बरीच वर्षं लंडनच्या जॅप इंजिनांचं राज्य होतं. आता पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागी, सगळीकडे इटलीचं जीएम इंजिन दिसतं. पूर्वी सिलिंडर उभा असायचा, नव्वदीच्या दशकापासून तो जवळजवळ आडवा झोपवतात. वजन खाली गेलं की गाडी तिरकी असताना स्थिर राहते.

इंधन मिथेनॉल. पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागतं, पण आत जाताना वाफ होऊन इंजिनाची इतकी उष्णता ओढून घेतं की कॉम्प्रेशन खूप वाढवता येतं आणि नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून होणारी ठोठो, होत नाही. त्याचे दोन त्रास. एक, दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसत नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याने विझवता येतं. दुसरा त्रास मेकॅनिकचा. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि ॲल्युमिनियम खातं. शर्यती संपल्यावर ते काढून कार्बोरेटर आणि इंजिन पेट्रोलवर थोडं फिरवून घेतलं नाही, तर पुढच्या आठवड्यात जेटमध्ये पांढरी पूड सापडते आणि स्टार्टला गाडी खोकते. मग लोक म्हणतात नशीब वाईट. नशीब नव्हे, आळस.

आणि तेल एरंडेल! लहानपणी आई चमच्याने पाजायची तेच. तापलेल्या धातूला ते चिकटून राहतं, म्हणून जुने लोक इंजिनात तेच घालायचे. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडावरून आलंय. जगात सगळ्यात जास्त एरंड आपल्या देशात पिकतो, त्यातही गुजरातेत. जळलेल्या एरंडेलाचा गोडसर वास ट्रॅकवर भरून राहतो. इथली माणसं कितीही वर्षांनी आली तरी फाटकातून आत शिरताना आधी एक मोठा श्वास घेतात.

गिअर नाही म्हटल्यावर सगळा हिशेब स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर. मागच्या स्प्रॉकेटला साधारण पन्नास ते साठ दात असतात, आणि एक शर्यत संपून पुढची लागेपर्यंत मेकॅनिक ते बदलतो. माती ओली आणि पकड असलेली असेल तर इंजिन दबतं, म्हणून मागे एखादा दात वाढवायचा. ट्रॅक कोरडा होऊन गुळगुळीत झाला की उलट. दात कमी केले नाहीत तर चाक नुसतं गरगर फिरतं, आवाज मोठा आणि गाडी जागच्या जागी. शिवाय ठिणगीचं टायमिंग जरा मागे घेऊन ताकद मऊ करतात. टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात आणि तो रिमवर बोल्टांनी आवळतात, नाहीतर रिम आत फिरेल आणि टायर तिथेच राहील. टायरच्या ठोकळ्यांची पुढची धार झिजली की चाक काढून टायर उलटा बसवायचा, म्हणजे मागची ताजी धार पुढे येते.

एक रेस, म्हणजे शर्यत: चौघेजण, चार फेऱ्या, डावीकडे वळत, मिनिटभराचा मामला. स्टार्टला पट्ट्या आडव्या बांधलेल्या असतात, त्या सुटून वर उडाल्या की निघायचं. पट्टीला हात लागला तर बाद. इथल्या लीगमध्ये कधी बाद करण्याऐवजी पंधरा मीटर मागे उभं करतात. त्याआधी दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत रायडर बुटाने जमीन उकरताना दिसतील. नवख्याला वाटतं वेळ काढताहेत. ते वरची भुसभुशीत माती बाजूला सारून खालचा घट्ट थर शोधत असतात, कारण मागच्या चाकाला पहिला घास तिथेच मिळतो. आधीच्या रेसने पाडलेला खड्डा भरला नाही तर चाक त्यात जातं आणि गाडी आडवी निघते.

क्लच सोडणं हे तर शास्त्रच. रेस एका सुरात धरायची, छाती हँडलवर, वजन पुढे. क्लच झटक्यात सुटला तर पुढचं चाक उभं राहतं आणि रेस कमी करावी लागते, तेवढ्यात बाकीचे तिघे निघून जातात. हळू सुटला तर प्लेटी तापतात, घसरतात, आणि पुढच्या शर्यतीला क्लच दाबलेला असतानाही गाडी सरकू लागते. म्हणजे पट्टीला हात, आणि बाद.

लोक म्हणतात, पहिल्या वळणावर पहिला पोचला की रेस संपली. वाईट ट्रॅकवर ते खरं आहे. चांगल्या ट्रॅकवर अजिबात नाही. कारण सगळं मातीत आहे. इथे शेल नावाच्या खडकाची तांबडी भुकटी टाकतात. प्रत्येक रेसमध्ये मागची चाकं ती बाहेर फेकतात. चार-पाच रेसनंतर आतली बाजू घासून शेणाने सारवलेल्या अंगणासारखी चकचकीत होते आणि बाहेर कुंपणालगत मातीचा पट्टा साठतो. आतून अंतर कमी, पण पकड नाही. बाहेरून अंतर जास्त, पण मातीत चाक रुततं आणि गाडी बाणासारखी सुटते. रायडर चौथ्या म्हणजे सगळ्यात बाहेरच्या गेटवरून, म्हणजे स्टार्टच्या जागेवरून, मागे पडला, कुंपणाला चिकटून मोठा फेरा घेतला आणि समोरच्या सरळ पट्टीत दोघांना मागे टाकलं, हे घडतं ते याच हिशेबाने. काही रेस झाल्या की ट्रॅक्टर फिरवून बाहेरची माती परत आत ओढतात आणि पाणी मारतात. ती सारखी पसरली नाही तर मधेच पकडीचा एक पट्टा राहतो. तिरक्या गाडीला तो लागला की पुढचं चाक उचलतं आणि सरळ कुंपण. २०१६ मध्ये इथलं नवं राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी वळणावरची माती धोकादायक ठरली आणि शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. कोट्यवधींचं स्टेडियम उभं राहिलं, पण अडलं ते मातीपाशी. आता मात्र तो ट्रॅक मागून पुढे यायला देशातल्या सगळ्यात चांगल्या ट्रॅकांपैकी आहे, आणि हे मी बेल व्ह्यूची, म्हणजे इथल्या संघाची, म्हणून म्हणत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून बेल व्ह्यूचा जुना ट्रॅक, हाइड रोडच येतो. १९२९ पासून १९८७ पर्यंत चालला, लांबी सुमारे ३८० मीटर. आताचा ३४७. तिथे मोठ्या वळणांवर पीटर कॉलिन्स कुंपणालगत जायचा तेव्हा सगळा स्टँड उभा राहायचा. १९७६ चा जगज्जेता. पुढच्या वर्षी पाय मोडलेला असताना अंतिम स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. त्या वर्षी जिंकला तो आयव्हन मॉगर. न्यूझीलंडच्या या माणसाने सहा वेळा जगज्जेतेपद मिळवलं, त्यातली १९६८, ६९ आणि ७० सलग. मॉगरकडे नाट्य काहीच नव्हतं. तयारी मात्र अशी की प्रत्येक नट मोजलेला. स्टार्टवर त्याच्यासारखा शांत दुसरा नाही. अमेरिकेतल्या दोन चाहत्यांनी त्याची एक गाडी सोन्याने मढवून दिली, ती ख्राइस्टचर्चच्या संग्रहालयाकडे आहे. आणि हाच मॉगर १९७३ मध्ये पोलंडला खोझूवला हरला. दोघांचे तेरा-तेरा गुण, जादा रेस, आणि येझी श्चाकिएलला गाठताना मॉगर पडला. पोलंडला पहिला जगज्जेता असा मिळाला. स्टार्टचा एवढा मोठा उस्ताद, पण मागे पडल्यावर घाईत हरला, म्हणून ती रेस लोक अजून विसरत नाहीत.

मागून येणाऱ्यांत मला सगळ्यात प्रिय मार्क लोरॅम. २००० साली तो जगज्जेता झाला आणि त्या वर्षी जगज्जेतेपद ठरवणाऱ्या ग्रांप्री मालिकेतली एकही स्पर्धा त्याने जिंकली नव्हती! बऱ्याचदा स्टार्ट गमवायचा आणि एकेकाला मागे टाकत गुण गोळा करायचा. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनचीही मॉगरइतकीच सहा जगज्जेतेपदं. आता पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने २०२५ मध्ये दोघांना गाठलंय. त्याची गाडी बघताना इतरांवर नजर ठेवायची. इतर जिथे गाडी सावरत असतात, तिथे त्याची मूठ किंचित मिटते आणि पुन्हा उघडते. बोटभराची हालचाल, पण सगळं त्यातच आहे.

पोरांना एवढंही सांग, हा खेळ महागात पडतो. बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन, १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता, सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबराला पडलेल्या रायडरला वाचवताना कुंपणावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. डेन्मार्कचा एरिक गुंडर्सन तीनदा जगज्जेता. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डला पहिल्याच वळणावर चौघे एकत्र पडले आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. आता वळणांवर हवा भरलेली कुंपणं असतात, मागच्या चाकामागे माती अडवणारी पट्टी असते. या गोष्टी आल्या त्या अशा माणसांची किंमत मोजून.

सोबत एक कोरं रेसकार्ड, म्हणजे सामन्याचे गुण भरायचा तक्ता, पाठवते. भरायचं असं: संघात सात जण, सामन्यात पंधरा रेस, प्रत्येक रेसमध्ये दोन आपले, दोन त्यांचे. पहिल्याला ३, मग २, १, ०. आपले पहिला-दुसरा आले तर ५-१, पहिला-तिसरा आले तर ४-२. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. जुन्या जागतिक अंतिम स्पर्धेचा तक्ता याहून सुंदर होता. सोळा रायडर, वीस रेस, प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला नेमका एकदाच भेटणार. पोरांना कागदावर तो तक्ता जुळवायला सांग, सुट्टीचे दोन दिवस जातील.

पार्सलमध्ये जुनं फडकं गुंडाळलेली जड वस्तू आहे, वहिनी घाबरतील म्हणून आधीच सांगते. तो एका रायडरने टाकून दिलेला पोलादी बूट. डाव्या बुटावर खालून चढवायचा पत्रा, मागे टाचेभोवती पट्टा. वळणावर हा पाय जमिनीवर सरकत जातो. शरीराचा भार त्यावर टाकायचा नसतो, तो फक्त तोल सांगतो. तळाला कठीण धातूचे वेल्डचे थर चढवलेत, ते बघ. कडा वर वळवलेली आहे, कारण धार राहिली तर ती मातीत रुतते आणि गुडघा पिळवटतो. आतल्या बाजूने, अंगठ्यामागच्या फुगवट्याखाली पत्रा घासून आरशासारखा झालाय. तिथली जाडी आणि टाचेपाशी उरलेली जाडी व्हर्निअरने मोजून मला कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी